दऱ्या आणि दर्या : मुक्त संगणकावर मराठी कशी उमटली

१/
पुणे जिल्ह्यातील मावळ हा दऱ्याखोऱ्यांचा मुलूख. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ हे त्याचे भाग निसर्गानेच आखून दिलेले. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरून खाली पाहिले की दिसतात त्या ‘दऱ्या’. हाच शब्द संगणकावर ‘दर्या’ असा उमटला, तर सह्याद्रीच्या जागी समुद्र येतो.

२/
फरक एका खुणेचा आहे. ‘दर्या’मध्ये र हा रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’मध्ये तो पापणीसारख्या वक्र रेषेने य ला जोडला जातो. हिंदीला ही खूण सहसा लागत नाही. मराठीला मात्र रोज लागते : दुसऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड. हिंदी समोर ठेवून केलेले साधन मराठीला पुरत नाही, हे या खुणेपाशी चटकन कळते.

३/
ही पापणी संगणकाला कोणी शिकवली, आणि त्या शिकवणीवर मालकी कोणाची, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत मराठीतील मुक्त संगणनाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. त्यातील अनेक पाने पुण्यात आणि मुंबईत लिहिली गेली.

४/
आरंभ सरकारी प्रयोगशाळांत झाला. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र आकारास आले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढले. संगणकात एक जादा कार्ड बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. इनस्क्रिप्ट कळफलकाचे प्रमाणीकरण १९८६ सालचे. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

५/
मानक होते, पण छपाईच्या बाजारात त्याचे राज्य नव्हते. डीटीपीच्या काळात प्रत्येक उत्पादकाने आपल्या फॉन्टसाठी आपला वेगळा संकेत ठरवला. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर बहुधा रोमन अक्षरांचाच असे. विशिष्ट फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडे आणि खाली निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरे.

६/
समजा, वडगावच्या एखाद्या टंकलेखन केंद्रात लग्नपत्रिकेचा मजकूर तयार झाला आणि फ्लॉपीवरून तो पुण्याच्या छापखान्यात गेला. तिथे तोच फॉन्ट नसेल, तर मजकूर पुन्हा टाइप करावा लागे. कित्येक सॉफ्टवेअर तर संगणकाच्या पाठीमागे जोडलेल्या ‘हार्डवेअर लॉक’शिवाय चालत नसत. लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी. आणि मधली किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात.

७/
या अडचणीचे खरे गांभीर्य काळाच्या ओघात उघड होते. उत्पादकाने व्यवसाय बंद केला किंवा सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासे झाले, की त्या संकेतातील जुने दस्तऐवज मुके होतात. मोडी कागद वाचणारे कमी झाले म्हणून इतिहासाचे अभ्यासक हळहळतात. येथे अवघ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे लेखन वाचण्यासाठी परिवर्तकाची गरज पडू लागली.

८/
नेमक्या १९९१ याच वर्षी जगात आणखी दोन घटना घडल्या. ऑगस्टमध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌सने आपल्या नव्या संगणक-गाभ्याची वार्ता जाहीर केली. तोच पुढे लिनक्स झाला. ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने आणि त्याचा जीपीएल परवाना लिनक्सला लाभला. वापरा, अभ्यासा, बदला, वाटा. मात्र वाटताना हेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्या, असा त्या परवान्याचा मथितार्थ.

९/
युनिकोडने अक्षर आणि त्याचे रूप यांची फारकत केली. ‘द’चा क्रमांक सर्वत्र एकच, तो कसा दिसावा हे फॉन्टने ठरवायचे. देवनागरीच्या विभागात ‘ऱ’ या नुक्ता दिलेल्या अक्षरालाही जागा मिळाली. द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या या अक्षराचे अर्धे रूप म्हणजेच मराठीची पापणी, असे मानले गेले.

१०/
पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर उमटत नाही. त्यासाठी फॉन्ट हवा, जोडाक्षरे रचणारी यंत्रणा हवी, कळफलक हवा. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी ‘मंगल’ रेखाटला. ते मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेशी निगडित होते. त्यांचा ‘रघू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली आला. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्यासाठी याच संस्थेने ‘इंडिक्स’ प्रकल्प हाती घेतला, तर ‘इंडलिनक्स’ या गटाने स्वयंसेवकांना एकत्र आणले.

११/
२००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हा फॉन्टसमूह मुक्त केला. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाचे संस्कृत प्रतिबिंब. त्याची पुढील जोपासना प्रामुख्याने कंपनीच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी केली. हिंदी आणि मराठीचे लोहित आरंभी वेगवेगळे होते, कारण मराठी वळणाचे ल आणि श निराळे असतात. पुढे दोन्ही ‘लोहित देवनागरी’त एकत्र आले.

१२/
त्या काळी लिनक्सवर मराठी लिहिणाऱ्याचा अनुभव मोठा चमत्कारिक होता. ग्नोम, केडीई आणि ओपनऑफिस यांची अक्षरे रचणारी यंत्रे वेगवेगळी होती. त्यामुळे एकच शब्द एका खिडकीत नीट दिसे, दुसरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन पडे, तर तिसरीत मात्रेला टिंबांच्या वर्तुळाचा टेकू मिळे.

१३/
तरीही एक मोठा फरक होता. चूक दिसली की ती सार्वजनिक नोंदवहीत टिपता येई. दुरुस्ती करणारा कुठल्याही देशातला असो, त्याला सांकेतिक मजकूर उघडा असे. अशा साठलेल्या नोंदींमधून ‘हार्फबझ’ ही सामायिक यंत्रणा भारतीय लिप्यांसाठी घडत गेली. २०१० नंतरच्या दशकात ग्नोम, लिबरऑफिस, फायरफॉक्स अशा अनेकांनी ती स्वीकारली आणि खिडकीगणिक बदलणारी मराठी स्थिरावली.

१४/
अक्षरांनंतर शब्दांचा प्रश्न आला. ‘फाइल’ला फाइल म्हणावे, धारिका की संचिका? एकाच पडद्यावर तीन अनुवादकांचे तीन शब्द दिसत. वारंवार लागणाऱ्या शब्दांची एकसारखी सूची करण्यासाठी ‘फ्यूएल’ हा उपक्रम सुरू झाला. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारे ‘ग्नूनिफाय’ आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरलेली फेडोराची परिषद हे असल्या चर्चांचे फड होते.

१५/
या श्रमांचे एक रूप घाटाखाली दिसले. बोरघाट उतरला की मावळ संपतो आणि रायगड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. एकच खोली, एकच शिक्षक, सुमारे वीस मुले. हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’ यंत्रांत फेडोरा लिनक्स आणि ‘शुगर’ हा मुलांसाठीचा पडदा होता. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे अभ्यासक या प्रयोगाशी जोडलेले होते.

१६/
त्या यंत्राच्या कळफलकावर एक सोय अशी होती की समोर चाललेल्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर पाहता यावा. चौथीतले मूल तो वाचू शकेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण यंत्राचे पोट उघडून पाहण्याचा अधिकार त्यालाही आहे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले होते.

१७/
हे तत्त्व मावळाला अगदीच परके नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख होते. येथे तयार झालेल्या कारागिरांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले.

१८/
तळेगावची कमाई केवळ बाटल्यांत आणि चिमण्यांत मोजता येत नाही. शिकलेली विद्या शिकणाऱ्याबरोबर बाहेर पडली, हे तिचे खरे व्याज. मुक्त सॉफ्टवेअरचा व्यवहारही असाच : कोणी एक फॉन्ट दिला, कोणी शंभर शब्दांचा अनुवाद, कोणी ‘दऱ्या’ चुकीची दिसते एवढीच तक्रार. पैसापैसा साठला आणि भांडवल सर्वांचे झाले.

१९/
म्हणून ही विजयगाथा मात्र ठरत नाही. टेबलावरच्या संगणकावर लिनक्स अल्पसंख्यच राहिला. दुकानातून आलेल्या यंत्रात विंडोज आधीच असे, छपाईची कामे जुन्या संकेतांत अडकलेली होती, आणि टंकलेखकांची बोटे जुन्या कळफलकाला सरावलेली होती. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्सचे धडे मराठीतून दिले, तरी सवयीपुढे शिकवणी तोकडी पडते.

२०/
फळ आले ते दुसऱ्याच फांदीला. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आणि त्यावरील मराठी जोडाक्षरे रचणारी यंत्रणा हार्फबझ. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आज कोणीही विनामूल्य घेऊ शकतो. लिनक्सचे नावही न ऐकलेला मावळातील शेतकरी फोनवर ‘दुसऱ्या’ लिहितो, तेव्हा त्या श्रमांचा वाटेकरी होतो.

२१/
एक काम अजून उरले आहे. पापणीचा र दोन प्रकारे टाइप होतो : ‘ऱ’ वापरून, अथवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. एका रीतीने लिहिलेली ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधली, तर सापडेलच असे नाही.

२२/
उद्याचा अभ्यासक मावळचा इतिहास बखरींइतकाच संगणकीय दप्तरांतही शोधील. ती दप्तरे उघडतील का आणि उघडल्यावर त्यांत दऱ्या सापडतील का, हे आज अशा नोंदवह्यांत कोण तक्रार लिहितो आणि कोण ती दुरुस्त करतो, यावर ठरणार आहे. नोंदवह्या उघड्या आहेत.