प्रकाशाची आंदोलने मोजणारा कंगवा

सेकंदाची आजची व्याख्या १९६७ सालची आहे. सीझिअमच्या अणूशी निगडित अशा सूक्ष्मतरंगाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. एवढी आंदोलने इलेक्ट्रॉनिक उपकरणांना मोजता येतात. दृश्य प्रकाशाची आंदोलने मात्र याच्या सुमारे पन्नास हजार पट, म्हणजे सेकंदाला पाचशे लाख कोटींच्या आसपास असतात. ती थेट मोजणारे यंत्र नाही. पण पट्टीवर सेंटिमीटरऐवजी मिलिमीटरच्या खुणा असल्या की माप जसे नेमके होते, तसेच घड्याळाचे आहे. म्हणून शास्त्रज्ञांना प्रकाशाची आंदोलने मोजायचीच होती.

सुरुवातीचा मार्ग जिन्याचा होता. सीझिअमपासून निघायचे, वारंवारिता काही पट करायची, त्या पायरीवर दुसरा लेसर जुळवायचा, पुन्हा पट करायची. अमेरिकेत बोल्डर येथे केनेथ इव्हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली अशा पायऱ्यांनी अवरक्त प्रकाशाची वारंवारिता मोजली आणि तिच्यावरून प्रकाशाचा वेग काढला. दृश्य प्रकाशापर्यंतचा सलग जिना जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे १९९६ साली पुरा झाला. एवढी यातायात करून हाती काय, तर एका रंगाची वारंवारिता! रंग बदलला की जिना नव्याने बांधायचा.

यातून सुटका करणारी कल्पना टेओडोर हेन्श यांच्याजवळ १९७८ पासूनच होती. लेसरने अगदी नियमित अंतराने स्पंद सोडले, तर त्याच्या वर्णपटात एकमेकींपासून सारख्या अंतरावर असलेल्या असंख्य रेषा दिसतात. हाच तो कंगवा. दोन दातांमधले अंतर म्हणजे दर सेकंदाला सुटणाऱ्या स्पंदांची संख्या, आणि ती मोजणे सोपे असते. अडचण दोन प्रकारची होती. कंगवा अरुंद होता, आणि सगळे दात शून्यापासून एका अज्ञात अंतराने सरकलेले असत.

हे सरकणे कसे ओळखायचे? वर्गात पेटीचे उदाहरण देता येईल. अशी पेटी कल्पा, की जिच्या सगळ्या पट्ट्यांची वारंवारिता हवी त्यापेक्षा ३ हर्ट्‌झने जास्त आहे. मंद्र सा १२० ऐवजी १२३, मध्य सा २४० ऐवजी २४३. आता मंद्र साची दुप्पट करा, २४६ येतात. ते मध्य साबरोबर वाजवले तर सेकंदाला तीन विस्पंद ऐकू येतील. चूक स्वतःच बोलली! मात्र त्यासाठी कंगवा एक पूर्ण सप्तक व्यापणारा हवा. बेल प्रयोगशाळेत १९९९ साली एक खास तंतू तयार झाला. त्यातून जाताना लेसरचा वर्णपट तेवढा रुंदावत असे. पुढच्याच वर्षी बोल्डरला जॉन हॉल यांच्या आणि जर्मनीत गार्खिंगला हेन्श यांच्या गटाने असे कंगवे वापरले. खोल्या व्यापणारा जिना एका टेबलावर आला. २००५ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला.

टेबलावरून चिपवर येण्याची वाट आपल्या ओळखीच्या ठिकाणावरून जाते. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या बाजूला ऐकू येते, कारण ध्वनी वक्र भिंतीला धरून पुढे सरकतो. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधल्या अशाच सज्जाचे कोडे लॉर्ड रॅले यांनी उलगडले होते. रामन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोलघुमटही आहे. काचेच्या बारीक कड्यात प्रकाशही असाच कडेकडेने लक्षावधी फेऱ्या मारतो आणि साठून तीव्र होतो.

तीव्र झाल्यावर काय होते, याचे मूळ १८७५ सालात आहे. ग्लासगोच्या एका अध्यापक महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉन केर यांना दिसले, की प्रबळ विद्युत्‌क्षेत्रात काचेतून जाणाऱ्या प्रकाशाची वागणूक बदलते. प्रकाश स्वतःच विद्युत्‌चुंबकीय तरंग आहे, तेव्हा पुरेसा तीव्र प्रकाशही काचेचा वक्रीभवनांक बदलतो. मग एकाच रंगाच्या दोन फोटॉनांपासून एक थोडा जास्त आणि एक तितक्याच कमी वारंवारितेचा, असे दोन नवे फोटॉन निर्माण होतात. हेच पुन्हा पुन्हा घडून दात उगवत जातात. टोबियास किप्पेनबर्ग यांच्या गटाने २००७ साली गार्खिंगलाच हे करून दाखवले. कड्याचा व्यास केसाच्या जाडीएवढा होता.

पण हे कंगवे पुष्कळदा गोंगाटी निघत. दात उगवत, परंतु एका तालात राहत नसत. उपाय सापडला तो एकल तरंगात. एडिनबरोजवळच्या कालव्यात १८३४ साली एक होडी अचानक थांबली, आणि तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा आकार न बदलता पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून मैलभर त्याच्यामागे गेले. २०१४ साली किप्पेनबर्ग यांच्या गटाने असाच न पसरणारा प्रकाशाचा स्पंद कड्यात फिरता ठेवला, आणि दात एका तालावर आले.

२०१७ साली अशा कंगव्यांच्या १७९ रंगांवरून तंतूतून ७५ किलोमीटरवर सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी बिट माहिती पाठवण्यात आली. एरवी प्रत्येक रंगाला वेगळा लेसर लागतो. २०१९ साली अमेरिकेत चिपवरचे कंगवे आणि रुबिडिअमची वाफ यांचे प्रकाश-घड्याळ चालले. मात्र अशा प्रयोगांत चिप नखाएवढी असली, तरी तिला चालवणारी आणि सांभाळणारी पुष्कळशी उपकरणे टेबलावरच होती. तीही चिपवर उतरवण्याचे काम सध्या चालू आहे.