दुरून दिलेला सल्ला : कौटुंबिक समुपदेशनाच्या इतिहासातील काही पाने

इंदूरच्या स्नेहलतागंजासारख्या वस्तीतील मराठी कुटुंबांची आजची स्थिती आपल्या पाळकांना चांगली परिचित आहे. आईवडील इकडे माळव्यात, मुलगा व सून पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशी. नातवंडाचे संगोपन, त्याचा अभ्यास, त्याचा हट्ट, सासूसुनेतील अबोला, हे सर्व विषय दूरध्वनीच्या पडद्यावरून चालतात आणि तेढ वाढली की सल्ल्यासाठी त्याच पडद्यावरून पाळकाला हाक येते. अशा वेळी आपल्यातील पुष्कळ बंधू संकोचतात. समोरासमोर बसून, एकत्र प्रार्थना करून दिला जातो तोच खरा पाळकीय सल्ला, दुरून दिलेला सल्ला म्हणजे निरुपायाचा, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, असे आमचे मत आहे.

या इतिहासाचे पहिले पान नव्या करारातच आहे. करिंथ येथील मंडळीने विवाहाविषयी पौलाला लेखी प्रश्न विचारले होते. पहिल्या पत्राचा सातवा अध्याय हे त्या प्रश्नांचे उत्तर होय. पतिपत्नींचे परस्परांवरील अधिकार, विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर राहावे की न राहावे, अशा संसारातून झालेल्या मुलांचे स्थान काय, हे सगळे प्रश्न घरातलेच आहेत आणि उत्तर देणारा समुद्रापलीकडे इफिसात आहे. त्याची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रभूची आज्ञा कोणती आणि स्वतःचे मत कोणते हे तो वेगवेगळे सांगतो. करिंथची हकीकत त्याला केवळ त्या पत्रातून कळलेली नव्हती. ख्लोवेच्या माणसांनीही ती सांगितली होती आणि स्तेफना, फर्तूनात व अखायिक हे प्रत्यक्ष त्याच्याजवळ आले होते. एकाच बाजूचे ऐकून निवाडा देण्याचा मोह दुरून सल्ला देणाऱ्याला फार असतो. पौलाजवळ दुसरा कान होता. शिवाय काही गोष्टी आपण आल्यावर लावून देऊ, असे सांगून त्याने त्या राखून ठेवल्या. कागदावर काय मावत नाही, हे त्याला ठाऊक होते.

माळव्यात कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य 1877 साली इंदुरात सुरू झाले. त्या काळी घरातील दुःखापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उंबरठा ओलांडून जाणारा होता. मिशनच्या स्त्रिया जनान्यात जात. 1884 साली डॉ. एलिझाबेथ बीटी आल्यानंतर औषधाची पेटीही त्यांच्याबरोबर आत जाऊ लागली. या भेटींचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु त्यांची मर्यादाही उघड आहे. घरी बाई आली की शेजारी पाहतात आणि सासू पलीकडच्या खोलीत असते. नाव व चेहरा झाकून विचारण्याची सोय त्या भेटीत नव्हती.

ती सोय मराठीत कोणी केली, हे सांगताना आपल्या वाचकांस थोडे अवघडल्यासारखे होईल, कारण तो मनुष्य कट्टर बुद्धिवादी व निरीश्वरवादी होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यातून उत्तरे देण्यास प्रारंभ केला. लैंगिक अज्ञान, संततिनियमन, दांपत्यातील बेबनाव, जे प्रश्न लोक आपल्या वैद्यासही विचारीत नसत ते टपालाने येऊ लागले. 1934 साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसेल तर असे मासिक चालवावयाचे तरी कशाला, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला व कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. कर्व्यांची नीतिविषयक मते आपणांस मान्य होण्यासारखी नाहीत, परंतु एक प्रश्न त्यांच्या टपालातून आपल्यापुढे उभा राहतो. त्या पत्रलेखकांत ख्रिस्ती मंडळ्यांतील कोणी नव्हतेच, असे कोण म्हणेल? आणि असेल तर तो आपल्या पाळकाकडे का गेला नाही?

कर्व्यांचे निधन 14 ऑक्टोबर 1953 रोजी झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, 2 नोव्हेंबर 1953 रोजी, लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये चॅड व्हारा या अँग्लिकन पाळकाने संकटग्रस्तांसाठी दूरध्वनी खुला केला. हा योगायोग खरा, पण दोन्ही कार्यांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. तरुण पाळक असताना व्हारा यांनी एका मुलीची अंत्यविधीची उपासना चालविली होती. पहिली पाळी आली तिला ती भयंकर रोग समजली व तिने जीव दिला. घरात तिला कोणी काही सांगितलेच नव्हते. पुढे व्हारा यांनी लैंगिक शिक्षणाची गरज एका साप्ताहिकातून मांडली, तेव्हा त्यांच्याकडेही पत्रांचा ओघ लागला आणि त्यांतील काही पत्रे जीवनास कंटाळलेल्यांची निघाली. पत्राची वाट पाहण्याइतका वेळ अशा माणसाजवळ नसतो. म्हणून दूरध्वनी.

यापुढील घटना धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. फोनचे व भेटीस येणाऱ्यांचे काम वाढले तेव्हा काही सामान्य स्त्रीपुरुष मदतीस आले. त्यांचे काम एवढेच, की पाळक मोकळा होईपर्यंत आलेल्यास चहा द्यावा व त्याच्याजवळ बसावे. व्हारा यांच्या लक्षात आले, की या माणसांशी बोलून झाल्यावर पुष्कळांना पाळकाची गरजच उरत नाही. 1954 च्या फेब्रुवारीत त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपविला. ‘समॅरिटन्स’ या नावाने ती संस्था पुढे जगभर ज्ञात झाली. आपल्याकडे पाळक प्रश्न अर्धा ऐकतो न ऐकतो तोच वचन काढून देतो. वचन चुकीचे नसते, पण माणूस अजून आपले गाऱ्हाणे सांगत असतो.

भारतातील पुढची पावले थोडक्यात सांगता येतील. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने 1996 साली मुलांसाठी 1098 हा क्रमांक सुरू झाला. त्याच संस्थेने 2012 साली ‘आयकॉल’ ही सेवा काढली. तीत प्रशिक्षित समुपदेशक फोनवर व लेखी संदेशाने बोलतात. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाली आहे. हे दोन्ही क्रमांक, 1098 आणि 14416, प्रत्येक उपदेशकाच्या वहीत असावेत. नैराश्य, व्यसन किंवा मारहाण यांसारखी गोष्ट एकट्या पाळकाने हाताळू नये.

आता एक बाब अशी आहे, की जिच्याविषयी आपल्या मंडळ्यांत अद्याप फारसे बोलले जात नाही. दुरून बोलणारी व्यक्ती प्रथम गुप्ततेची हमी मागते आणि पाळक ती सहज देऊन बसतो. पण 2012 च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याचे एकोणिसावे कलम स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने तो पोलिसांस किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलीस पथकास कळविला पाहिजे. धर्मसेवकांना तेथे सवलत नाही आणि न कळविणाऱ्यास एकविसाव्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने कळविणाऱ्यास मात्र त्याच कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा आईने रात्री फोन करून ‘हे कोणास सांगू नका’ असे म्हणताच पाळकाने तिला तेथेच नम्रपणे थांबवून सांगावे, की घरातील भांडण माझ्याजवळ राहील, परंतु लेकराच्या अंगाला कोणी हात लावला असेल तर ते मला कळवावे लागेल. हे वाक्य संभाषणाच्या शेवटी उच्चारले तर ते विश्वासघातासारखे ऐकू येते. आरंभी उच्चारले, तर पुष्कळ आया काही वेळ गप्प राहतात आणि मग बोलू लागतात.