सव्वीस डावांचा अनिर्णित सामना

शनिवार, १ मे १९२० रोजी बोस्टन येथील ब्रेव्ह्‌ज फील्ड या मैदानावर बोस्टन ब्रेव्ह्‌ज आणि ब्रुकलिन रॉबिन्स या दोन व्यावसायिक बेसबॉल संघांचा सामना झाला. या खेळात प्रत्येक संघ सामान्यतः नऊ डाव खेळतो. बरोबरी झाल्यास डाव वाढवितात. हा सामना सव्वीस डाव चालला आणि अखेरीस १-१ अशा बरोबरीत संपला. डावांच्या संख्येने पाहता अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये याहून लांबलेला सामना आजवर झालेला नाही.

ब्रुकलिनने पाचव्या डावात एक धाव काढली. बोस्टनने सहाव्यात तिची परतफेड केली. त्यापुढील वीस डावांत कोणासही धाव मिळाली नाही. सतराव्या डावात ब्रुकलिनचे तिन्ही बेस भरलेले असतानाही संधी वाया गेली. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर व बोस्टनचा जो ओश्गर या दोघांनीच आरंभापासून अखेरपर्यंत चेंडू फेकले. त्यांच्याविरुद्ध अनुक्रमे पंधरा व नऊ यशस्वी फटके नोंदले गेले. तीन तास पन्नास मिनिटांनंतर, अंधार पडल्यामुळे, पंच मॅकॉर्मिक यांनी खेळ थांबविला.

या सामन्यामुळे दोघांचेही हात कायमचे निकामी झाले, असे समजण्याचा मोह सहज होतो. परंतु नोंदी या समजुतीस दुजोरा देत नाहीत. त्याच हंगामात कॅडोरने पंधरा सामने जिंकले, आणि १९२१ मध्ये ओश्गरने वीस विजय मिळविले. ओश्गरची खरी घसरण १९२२ मध्ये, सहा विजय व एकवीस पराभव अशा हंगामात, दिसून येते. मधल्या यशस्वी हंगामांचा विचार न करता तिचे कारण या एका दिवसात शोधणे म्हणजे कालक्रमालाच कार्यकारणभाव मानणे होय.

मग या सामन्याचे ऐतिहासिक महत्त्व कशात आहे? आमच्या मते ते त्याच्या काळात आहे. आरंभ करणाऱ्यानेच सामना पूर्ण करावा, ही त्या वेळची रूढ अपेक्षा होती. एकच चेंडू मळेपर्यंत वापरला जाई, आणि मळका चेंडू फलंदाजास नीट दिसत नसे. ही व्यवस्था त्याच वर्षी ढासळू लागली. चेंडूला थुंकी लावण्यास १९२० च्या हंगामापूर्वीच बंदी घालण्यात आली होती; केवळ काही जुन्या खेळाडूंना सवलत होती. ऑगस्टमध्ये चेंडू डोक्यास लागून क्लीव्हलंडचा रे चॅपमन मरण पावला आणि स्वच्छ चेंडू वापरण्याकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. त्याच हंगामात बेब रूथने चोपन्न होम रन काढून खेळाची दिशा बदलल्याचे दाखविले. बोस्टनचा हा सामना म्हणजे मावळत्या पद्धतीचे टोक होते, तिचे नेहमीचे रूप नव्हे.

अंधाराची मर्यादाही पुढे उरली नाही. मेजर लीगमध्ये कृत्रिम प्रकाशातील पहिला सामना १९३५ मध्ये सिनसिनाटी येथे झाला. २०२० पासून साखळी सामन्यांतील वाढीव डाव दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून सुरू होतो. निकाल लवकर लागावा हाच त्यामागील हेतू. म्हणूनच त्या सव्वीस डावांकडे केवळ दोन व्यक्तींचा पराक्रम म्हणून पाहणे अपुरे ठरते. नियम, साधने आणि सूर्यप्रकाश यांनी घडविलेली ती घटना होती. त्या तिन्ही गोष्टी बदलताच तिची पुनरावृत्ती जवळजवळ अशक्य झाली.