शिरूर व दौंड तालुक्यांतील ख्रिस्ती श्रद्धाशिक्षण

बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांना पवित्र शास्त्राचे वाचन, प्रार्थना व समाजसेवा यांत परिपक्व करण्याच्या कार्यास ख्रिस्ती परंपरेत श्रद्धाशिक्षण किंवा शिष्यत्वाचे शिक्षण असे म्हणतात. महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत या कार्याची दोन रूपे दिसतात. शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनने ग्रामीण मंडळ्या उभारल्या, तर दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मुक्ती मिशनची स्थापना केली.

शिरूर
अमेरिकन मराठी मिशनचे काम १८४० च्या दशकात अहमदनगरहून शिरूरपर्यंत पोहोचले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतील असल्याने प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहावा, अशी त्याची धारणा होती. त्यासाठी सभासदांना वाचता येणे आणि मंडळीला आपल्याच भाषेतील पाळक मिळणे आवश्यक होते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्यामुळे मराठी मंडळ्यांचे नेतृत्व मराठी माणसांकडे येण्यास प्रारंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरूर येथे मिशनची औद्योगिक शाळाही चालत असे. धर्मांतरामुळे गावकीतील परंपरागत कामे व आधार गमावण्याची भीती असे. त्यामुळे हातास हुन्नर मिळणे हा मंडळीच्या स्थैर्याशी निगडित प्रश्न होता.

केडगाव
१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यातील प्लेगच्या काळात त्यांची व्यवस्था केडगाव येथील शेतजमिनीवर करण्यात आली आणि तेथेच मुक्ती सदन आकारास आले. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर येथील रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या आसपास गेली.

रमाबाईंच्या श्रद्धाशिक्षणविषयक भूमिकेमागे त्यांचा स्वानुभव होता. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तथापि, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. म्हणूनच बाप्तिस्म्याकडे त्या शेवट म्हणून न पाहता आरंभ म्हणून पाहत.

मुक्ती सदनात प्रार्थना व बायबलच्या अभ्यासाबरोबरच शेती, विणकाम, स्वयंपाक, शुश्रूषा व मुद्रण यांचे शिक्षण दिले जाई. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्यात येई. आश्रित म्हणून आलेली स्त्री पुढे शिक्षिका, परिचारिका किंवा प्रचारिका होई आणि नव्याने आलेल्या मुलींचा सांभाळ करी.

१९०५ चे संजीवन
जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी नियमित प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन केले. प्रारंभी सुमारे ७० जणी एकत्र येत. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० झाली. जूनच्या अखेरीस तेथे सामूहिक पश्चात्ताप व मोठ्याने प्रार्थना यांची लाट उसळली. ख्रिस्ती इतिहासात ती 'मुक्ती संजीवन' म्हणून ओळखली जाते. या सुमारास मुलींची पथके आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागली.

अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवाच्या आधारे १९०६ मध्ये एक पुस्तक लिहिले. ते चिली देशातील मेथडिस्ट मिशनरी हूवर दांपत्यापर्यंत पोहोचले आणि तेथील १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीस त्यातून प्रेरणा मिळाली.

सुलभ मराठी बायबल
प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित स्त्रियांना ते समजत नाही, असे रमाबाईंचे मत होते. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. जुळणी व छपाईचे काम केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

टीका व मूल्यमापन
रमाबाईंच्या कार्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. १८९३ मध्ये पुण्यातील शारदा सदनात विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, असा आरोप झाला आणि संस्थेच्या सल्लागार मंडळातील सुधारकांनी राजीनामे दिले. आश्रयासाठी संस्थेवर अवलंबून असलेल्या मुलींची धर्मनिवड कितपत स्वतंत्र होती, हा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. दुसरीकडे, १९०५ मधील भावनाप्रधान प्रार्थनेबद्दल काही ख्रिस्ती वर्तुळांतून नापसंती व्यक्त झाली. त्यावर भारतीय ख्रिस्ती लोकांना त्यांच्या स्वभावानुसार उपासना करू द्यावी, पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या चौकटीत त्यांना बसवू नये, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली.

मुक्ती मिशन आजही केडगाव येथे निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्यरत आहे.