शिरोडकरांचा टाका

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जी गोष्ट आपण हळदीकुंकवालाही दबक्या आवाजात बोलतो, तिचा थोडा इतिहास मला स्वतःच्या भोगण्यातून कळला. तोच सांगते.

लग्न होऊन मी देहूरोडला आले. २००३ साली पाचव्या महिन्यात माझे पोट गेले. ना कळा, ना ताप. २००५ साली पुन्हा तसेच झाले. मग ज्याला त्याला कारण सुचू लागले. सासूबाई म्हणाल्या, पाण्याचे हंडे उचललेस. शेजारणी म्हणाल्या, पपई खाल्ली असेल. कोणी ग्रहण काढले. ऐकून ऐकून मलाही वाटू लागले की दोष माझाच. दुसऱ्यांच्या ओटीभरणाला जाणे मी सोडून दिले.

तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत विचारून घेतली, तपासले आणि म्हणाल्या, "पिशवीचे तोंड कच्चे आहे. शिरोडकर टाका घालू." शिरोडकर हे एखाद्या दोऱ्याच्या कंपनीचे नाव असावे, असे मला वाटले!

आपली गर्भाची पिशवी उलट्या पेरूसारखी असते. निमुळता भाग खाली, तेच तिचे तोंड. नऊ महिने ते घट्ट मिटलेले राहते आणि बाळंतपणाच्या कळांनी उघडते. काही बायकांचे हे तोंड मुळात कमजोर असते, काहींचे आधीच्या इजेने होते. गर्भाचे वजन वाढले की चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते कळांवाचून उघडते, आणि चांगला वाढत असलेला गर्भ बाहेर पडतो. यात हंड्याचा दोष नाही आणि पपईचाही नाही.

ही गोष्ट ओळखून त्यावर उपाय काढणारे डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर आपल्याच मुलखातले. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि पुढे तेथेच स्त्रीरोगांचे प्राध्यापक झाले. त्या काळी अशा बाईला अंथरुणावर पडून राहायला सांगत, औषधे देत. तरी पोट जाई ते जाईच. शिरोडकरांनी अशा बायका तपासल्या आणि ताडले की पिशवीचे तोंडच ढिले आहे. मग त्यांनी त्या बाईच्याच मांडीतून चिवट पडद्याची एक पट्टी काढली आणि ती पिशवीच्या तोंडाभोवती आतून फिरवून बांधली. बटव्याची नाडी ओढावी तसे! १९५५ साली त्यांनी ही रीत छापून प्रसिद्ध केली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी तिच्यासारखाच, पण सोपा टाका सांगितला. आज जगभर हे दोन्ही टाके घालतात. १९७१ साली शिरोडकरांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच साली ते वारले.

हा टाका बहुधा तिसरा महिना सरल्यावर घालतात आणि सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात. आता मांडीतली पट्टी लागत नाही, तयार धागा असतो. मात्र टाका हा सगळ्यांचा इलाज नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तो पुष्कळदा त्याच्या घडणीतच चूक असल्यामुळे. तेथे टाक्याचा उपयोग नाही.

माझा टाका पडला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंनाही आत बोलावून हे सारे समजावले. घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण नळाला पाणी आले तेव्हा हंडा त्यांनी माझ्या हातातून घेतला, तो २००७ साली मुलगी होईपर्यंत परत दिला नाही. शिरोडकरांची ही सारी माहिती त्याच मुलीने मला वाचून दाखविली.

तेव्हा भगिनींनो, एखाद्या सुनेचे पोट गेले तर "तू काय केलेस?" असे विचारू नका. कितव्या महिन्यात गेले, कळा आल्या होत्या का, हे नीट लक्षात ठेवा आणि पुढच्या खेपेस दिवस गेल्याबरोबर तिला डॉक्टरांकडे नेऊन ते सांगा. तेवढ्या दोन गोष्टींवरून माझ्या दुखण्याचा पत्ता लागला.