ट्राउटचा उन्हाळा आणि ओतूरचा डोह
डोंगरनद्यांतील गळाच्या मासेमारीविषयी जाणून घेण्याजोगे काही

ओतूर, प्रतिनिधी : हिमालयातील थंड नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून, पिसांची बनावट माशी दोरीने दूरवर फेकत ट्राउट पकडणारा शौकीन आता दूरचित्रवाणीमुळे आपल्याही परिचयाचा झाला आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यात सुट्टीसाठी येणाऱ्या पर्यटकांच्या सामानातही अधूनमधून अशा काठ्या दिसतात. मात्र ट्राउटच्या नदीचा उन्हाळा आणि मांडवी, कुकडी, मीना किंवा घोड नदीचा उन्हाळा यांत मूलभूत फरक आहे. तो ध्यानात न घेता केलेली मासेमारी पुढच्या हंगामाच्या मुळावर येऊ शकते.

माशीगळ म्हणजे काय?

साध्या गळाच्या मासेमारीत शिसे किंवा आमिष जड असते आणि त्याच्या वजनाने दोरी पुढे जाते. 'फ्लाय फिशिंग' या प्रकारात नेमके उलटे घडते. येथे वजन असते ते जाडसर दोरीला. दोरीच्या टोकाला बारीक, जवळजवळ अदृश्य तंगूस आणि त्याच्या शेवटी पिसे, केस व रेशीम गुंडाळून केलेली वजनहीन माशी बांधलेली असते. लवचीक काठीने दोरीला मागेपुढे झोका देत ही माशी पाण्यावर अलगद उतरविली जाते. पाण्यावर पडलेला किडा समजून मासा तिच्यावर झडप घालतो. लहान नद्यांसाठी साधारण सात ते नऊ फुटांची हलकी काठी वापरली जाते.

आपल्याकडे गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बांबूच्या काठीने मासे धरण्याची पद्धत जुनीच आहे. माशीगळ हा त्याच कुळातला, परंतु माशाच्या खाण्याच्या सवयीचा अधिक बारकाईने अभ्यास करणारा प्रकार म्हणता येईल.

ट्राउट येथे का नाही?

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांनी शिकारीच्या हौसेपोटी तो येथे आणला. तपकिरी ट्राउटची स्कॉटलंडहून आणलेली अंडी १९०० साली काश्मीरमध्ये जगविण्यात यश आले. दक्षिणेत निलगिरीच्या पठारावर अव्हलांच येथे १९०७ च्या सुमारास इंद्रधनुषी ट्राउटचे उबवणी केंद्र उभे राहिले. हिमाचल प्रदेशातील बियास व तीर्थन या नद्याही पुढे ट्राउटसाठी प्रसिद्ध झाल्या.

या सर्व ठिकाणांचे साम्य म्हणजे थंड पाणी. ट्राउटला साधारण दहा ते अठरा अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तो खाणे कमी करतो आणि पंचवीस अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. यामागे प्राणवायूचे गणित आहे. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. एप्रिल-मे महिन्यांत जुन्नर परिसरात पारा चाळिशीकडे झुकतो, तेव्हा उथळ नदीतील पाणी ट्राउटच्या सोसण्यापलीकडे तापलेले असते.

आपले मासे

ट्राउट नसला म्हणून येथील नद्या रित्या आहेत असे नाही. दख्खनच्या नद्यांचा मानाचा मासा म्हणजे महसीर, अर्थात खडशी. मोठे खवले, बळकट शेपूट आणि वाहत्या पाण्याची ओढ ही त्याची लक्षणे. मुंबई इलाख्यात काम केलेले कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी मासा घेतला होता तो पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतला. सायक्स यांनी अनेक माशांना स्थानिक लोकांच्या तोंडचीच नावे दिली. त्यामुळे महसीरचे 'खुद्री', कोळस माशाचे 'कोलस' आणि दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याचे 'मुल्या' ही मराठी नावे आज जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ आहेत.

याखेरीज वाम, मरळ, शिंगाळा हे मासे आणि पाण्यावरचे किडे टिपणारे बॅरिलियस जातीचे चंदेरी लहान मासे डोंगरनद्यांत आढळतात. महसीर व बॅरिलियस हे दोन्ही बनावट माशीवर झडप घालतात. माशीगळाची हौस भागविण्यासाठी ट्राउटच हवा असे नाही, तो याचसाठी.

हंगामाचा उलटा हिशेब

ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो. म्हणून हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते आणि उन्हाळा हा मोकळा हंगाम ठरतो. आपल्या माशांचे चक्र पावसाशी बांधलेले आहे. मृगाच्या सरींनंतर नदीला पूर आला की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उथळ, स्वच्छ, खडकाळ जागी अंडी घालतात. ग्रामीण भागात त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात.

याचा अर्थ असा की, मे महिन्यात डोहात असलेली मादी ही येत्या पावसाळ्यातील हजारो पिलांची आई असते. शिवाय या दिवसांत नदीची धार तुटलेली असते. वरच्या खोऱ्यांतील ओढे कोरडे पडतात आणि मैलोन्‌मैल पात्रातील जिवंत मासे मोजक्या डोहांत एकवटतात. अशा वेळी त्यांना पकडणे सोपे असते, आणि नेमका धोका तेथेच आहे. एक डोह रिता झाला तर नदीचा तेवढा पट्टा पावसाळ्यात बियाण्याविना राहतो.

डोहावरील संकटे

डोहांचे सर्वांत मोठे नुकसान गळाने होत नाही. ते होते जिलेटिनच्या स्फोटाने आणि पाण्यात टाकल्या जाणाऱ्या ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशकाने. त्यात खाण्याजोग्या माशांबरोबर बोटाएवढी पिले, खेकडे आणि माशांचे खाद्य असलेले किडेही मरतात. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच नदीत स्फोटके व विष वापरणे गुन्हा ठरविले होते. महाराष्ट्राच्या १९६० च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमातही त्यास बंदी आहे. विष टाकलेले पाणी गुरे आणि माणसेही पितात, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे संकट उपशाचे. कांदा, टोमॅटो आणि उसाच्या या पट्ट्यात उन्हाळी पाण्याचे मोल शेतकरी जाणतोच. परंतु मोटारी लावून डोह तळापर्यंत उपसला तर दोन दिवसांच्या ओलितासाठी नदीचे कायमचे नुकसान होते. मधल्या खोलगट भागात कमरेएवढे पाणी राखण्याचे गावाने ठरविले तरी बरेच साधते.

तिसरे संकट परक्या माशांचे. तिलापिया अनेक जलाशयांत पसरला आहे. आपला मासा परमुलखात नेला तरी हेच घडते. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन झाले. तेथील पिले कावेरीत सोडली गेली आणि त्या नदीचा स्वतःचा मदार असलेला महसीर मागे हटला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर होता. म्हणून कुठलेही मत्स्यबीज हौसेने नदीत सोडू नये.

राखलेले डोह

डोह राखण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहातील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातील महसीर तिळसेश्वराच्या आश्रयाने टिकले आहेत. भाविक त्यांना लाह्या-चुरमुरे घालतात, धरीत कोणी नाही. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींनी जलाशयातील मासेमारीसाठी सहकारी संस्था उभारली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मासा राखणे आणि त्यावर पोट भरणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

हौशी मंडळींसाठी

* गळ टाकण्याचा योग्य काळ ऑक्टोबर ते जानेवारी. तेव्हा पाणी निवळलेले व वाहते असते आणि अंडी घालण्याचा काळ उलटलेला असतो.
* मार्च ते मे या काळात तुटलेल्या डोहात गळ टाकू नये. पावसाच्या तोंडी चढणीचे मासे धरू नयेत.
* जलाशयाचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. संस्थेची परवानगी आधी घ्यावी. भीमाशंकर अभयारण्यात मासेमारी करू नये.
* काटा नसलेला गळ वापरावा. मासा सोडायचा असल्यास हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ काढावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि रोग जडतो.
* धरणाखालच्या पात्रात उतरण्यापूर्वी आवर्तनाची चौकशी करावी. कोरडे पात्र थोड्याच वेळात भरून वाहू लागते.
* तुटलेले तंगूस पात्रात टाकू नये. त्यात पक्षी अडकतात.

उन्हाळ्यात नदीकाठी जाण्याची हौस असलेल्यांनी मात्र जरूर जावे. पहाटे प्राणवायू कमी झाल्यामुळे डोहातील मासे वर येऊन तोंड उघडतात. ते दृश्य पाहिले की पाणी किती उरले आहे आणि त्यावर किती जीव अवलंबून आहेत, हे समजावून सांगावे लागत नाही. काठी घरी ठेवून केलेली ती फेरी पुढच्या हिवाळ्यातील गळालाही उपयोगी पडेल.