धरणातली मोकळी जागा

श्रावणात धरणाची दारं उघडली की आपण म्हणतो, "पाणी वाया चाललं!" आपल्या जळगाव-धुळ्यातून पुढं सुरतेला जाणाऱ्या तापीची हकिकत ऐका.

ऑगस्ट १९६८ मध्ये तापीच्या महापुरानं सुरत बुडाली. १९७२ मध्ये सुरतेच्या वर उकाई धरण पुरं झालं. पुढं रीत ठरली की, पावसाळ्यात धरण एकदम भरायचं नाही. महिन्यागणिक पातळी ठरवून वरची जागा पुरासाठी राखायची.

ऑगस्ट २००६ मध्ये बंगालच्या उपसागरातलं वादळ ओडिशावरून मध्य प्रदेशात सरकलं. तापीच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला. येणारा लोंढा मावेल एवढी जागा धरणात उरली नव्हती. शेवटी सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

आधी थोडं थोडं सोडलेलं पाणी पात्रात मावतं, ऐन वेळी एकदम सोडलेलं मावत नाही. मात्र पाणी सोडलं आणि पाऊस हुकला, तर रब्बीचं पाणी तुटतं. धरणवाल्यांची ओढाताण ती हीच.

म्हणून विसर्गाची सूचना ऐकताच नदीकाठची मोटर, पाइप आणि गुरं उंचावर हलवा. आभाळ निरभ्र दिसलं तरी थांबू नका. पाऊस वरच्या खोऱ्यात पडत असतो.